जुन्या संगणकास नवी रीत

दिनांक १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० या प्रणालीस नेहमींच्या सुरक्षा-दुरुस्त्या पुरविण्याचें बंद केलें, आणि तेव्हांपासून आमच्या रत्नागिरींतील पुष्कळशा घरांत एक लहानसा पण चिवट प्रश्न येऊन बसला आहे. आजोबांचा नोव्हेंबरांतील हयातीचा दाखला, बँकेची देवघेव, आंब्याच्या पेट्यांचा हिशेब, नातवंडांचा अभ्यास आणि दहा-पंधरा वर्षांत सांठलेलीं मुंजी-लग्नांचीं छायाचित्रें हें सर्व ज्या एका संगणकावर चालतें, तो संगणक विंडोज ११ घेऊं गेलें असतां 'हें यंत्र पात्र नाहीं' असें उत्तर देतो. दुकानांत विचारावें तर दोनच मार्ग सांगण्यांत येतात: नवा संगणक घ्या, अथवा आंतलें सगळें पुसून पुन्हां मांडा. यांपैकीं पहिला मार्ग पुष्कळ घरीं अनावश्यक आहे, आणि दुसरा बेसावधपणें पत्करल्यास घातक आहे, असें आमचें मत आहे. तें कां, हें सांगावें म्हणून हा लेख लिहीत आहों.

प्रथम अडचण कोठें आहे तें नीट समजून घेतलें पाहिजे. संगणकाची कळ दाबली त्या क्षणीं त्याच्या स्मृतींत कांहींच नसतें; विंडोज कोठें आहे, डिस्क कोणती, पडदा कोणता, याची त्याला वार्ताही नसते. मोठ्या घरांत पहांटे सर्वांच्या आधीं उठून दार उघडणारें, बंब पेटविणारें आणि मग बाकीच्यांस हांक मारणारें एखादें माणूस असतें. तसें काम करणारी एक छोटी आज्ञावली मदरबोर्डवरील एका चिपमध्यें कायमची ठेवलेली असते. तिला फर्मवेअर म्हणतात. ती स्मृति तपासते, कळफलक व डिस्क शोधते, आणि मुख्य प्रणाली डिस्कवर कोठें निजली आहे तें पाहून तिला उठविते. एवढें झालें कीं तिचें काम संपलें. परंतु हें उठविण्याच्या दोन रीती आहेत, एक जुनी व एक नवी, आणि सगळा घोळ या दोन रीतींचा आहे.

जुन्या रीतीचें नांव बायोस. हें नांव १९७० नंतरच्या दशकांत गॅरी किल्डॉल या गृहस्थांच्या सी.पी.एम. नामक प्रणालींत प्रथम आलें, आणि १२ ऑगस्ट १९८१ रोजीं आय.बी.एम. कंपनीनें आपला 'पर्सनल कॉम्प्युटर' विक्रीस काढला तेव्हांपासून तें घरोघर जाण्याच्या मार्गास लागलें. ही रीत डिस्कचें पहिलें पान तेवढें वाचते. तें पान अवघें ५१२ बाइटांचें, आणि त्यांतील ६४ बाइटांत डिस्कच्या वाटण्यांचा तक्ता. एका वाटणीच्या नोंदीस १६ बाइट लागतात. म्हणजे वाटण्या चार, पांचवीस जागा नाहीं. १९८३ सालीं ही व्यवस्था रूढ झाली तेव्हां त्या संगणकांतील डिस्क १० मेगाबाइटांची असे. दहा मेगाबाइटांच्या चार वाटण्या म्हणजे त्या काळीं चैनच वाटली असेल! पुढें डिस्का हजारों पटींनीं मोठ्या झाल्या, तरी तक्ता तेवढाच राहिला. सुमारें २.२ टेराबाइटांपलीकडील जागा त्याला दिसतच नाहीं. शिवाय या तक्त्याची दुसरी प्रत कोठेंही नसते. पोथीचें अनुक्रमणिकेचें एकच पान, आणि तेंच कसरीनें खाल्लें, तर पुढचीं सारीं पानें असून नसल्यासारखीं होतात, त्यांतला हा प्रकार आहे.

नव्या रीतीस यू.ई.एफ.आय. म्हणतात. तिचा आरंभ इंटेल कंपनीनें १९९० नंतरच्या दशकांत इटॅनियम नांवाच्या मोठ्या प्रोसेसरांसाठीं केला, आणि २००५ सालीं इंटेल, ए.एम.डी., मायक्रोसॉफ्ट, डेल, फीनिक्स, अमेरिकन मेगाट्रेंड्स इत्यादि कंपन्यांची एक सामाईक सभा स्थापन होऊन ही रीत तिच्या हवालीं झाली. (यांतील अमेरिकन मेगाट्रेंड्स ही कंपनी, जिचें नांव कितीएक संगणक सुरू होतांना पडद्यावर क्षणभर दिसतें, १९८५ सालीं अमेरिकेंत स्थापन करणारे सुब्रमोनियन शंकर व पॅट सरमा हे दोघेही भारतीय वंशाचे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें.) नव्या रीतींत वाटण्यांचा तक्ताही नवा आहे, त्याला जी.पी.टी. म्हणतात. विंडोज त्यांत १२८ नोंदींची सोय ठेवते. तक्त्याची एक प्रत डिस्कच्या आरंभीं व दुसरी अगदीं शेवटीं असते, आणि दोहोंत बिघाड झाला कीं काय हें ताडून पाहण्यासाठीं पडताळ्याचा आंकडाही लिहिलेला असतो. प्रणालीस उठविणारी आज्ञावली पहिल्या पानाच्या कोपऱ्यांत दडपून न बसवितां एका लहानशा स्वतंत्र वाटणींत साध्या फाइलीच्या रूपानें ठेवतात. विंडोज ११, जी ५ ऑक्टोबर २०२१ रोजीं बाहेर पडली, ती ही नवी रीत असल्यावांचून नीट पात्रता मानीत नाहीं.

आतां कोणी विचारील कीं नवी रीत इतकी जुनी आहे, तर आमच्या घरचा २०१३ किंवा २०१८ सालचा संगणक जुन्या रीतीनें कां चालतो? याचें उत्तर मोठें मौजेचें आहे. साधारण २०११ पासून विक्रीस आलेल्या बहुतेक मदरबोर्डांत दोन्ही रीती असत. नवी मूळची, आणि जुनीची नक्कल करणारा सी.एस.एम. नांवाचा एक भाग सोबत. दुकानदारांच्या हातांत विंडोज ७ ची तबकडी, आणि हाताला जुन्या रीतीची संवय. त्यांनीं खटका जुन्याकडे ठेवून डिस्क मांडून दिली. ग्राहकानें विचारण्याचें कारणच नव्हतें. पुढें २९ जुलै २०१५ पासून वर्षभर मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० फुकट दिली, ती पुष्कळांनीं आहे त्या डिस्कवरच चढविली. त्यामुळें वरचा माळा नवा झाला, जोतें तेंच राहिलें. म्हणजे ज्या यंत्राला पात्रता नाहीं म्हणून नांवें ठेविलीं जातात, त्याच्या पोटांत ती पात्रता पुष्कळदां पहिल्या दिवसापासून असते. कोणी ती जागी केलेली नसते इतकेंच.

तेव्हां पहिलें काम म्हणजे स्वतःचें यंत्र कोणत्या रीतीनें उठतें तें पाहणें. विंडोजची कळ व आर हें अक्षर एकदम दाबावें, येणाऱ्या लहान खिडकींत 'एमएसइन्फो३२' हा शब्द रोमन लिपींत टंकावा, आणि येणाऱ्या यादींत 'बायोस मोड' ही ओळ वाचावी. तेथें 'लिगसी' असेल तर जुनी रीत, 'यू.ई.एफ.आय.' असेल तर नवी. त्याच यादींत प्रोसेसरचें नांवही मिळतें, आणि तें पाहणें तितकेंच अगत्याचें आहे. कारण विंडोज ११ ला नुसती नवी रीत पुरत नाहीं. इंटेलचा प्रोसेसर साधारणतः आठव्या पिढीचा किंवा पुढचा, म्हणजे स्थूलमानानें २०१७ च्या अखेरीनंतरचा लागतो, आणि टी.पी.एम. २.० नांवाची एक किल्ली संभाळणारी सोयही लागते. ही सोय नंतरच्या मदरबोर्डांत बहुधा असते. पण ती निजलेली असते, आणि ज्या पडद्यावर उठण्याची रीत बदलावयाची तेथेंच तिलाही जागें करतां येतें.

यावरून आमचें मत असें कीं ज्यांचा संगणक २०१८ नंतरचा आहे आणि तरीही 'लिगसी' दाखवितो, त्यांनीं रीत अवश्य बदलून घ्यावी. एका दुपारच्या कामानें त्या यंत्राचें आयुष्य कितीतरी वर्षांनीं वाढतें. २०११ ते २०१७ मधील यंत्रांचें तसें नाहीं. त्यांची रीत बदलते, पण प्रोसेसर बदलत नाहीं, आणि इतका खटाटोप करून शेवटीं 'पात्र नाहीं' हेंच उत्तर यावयाचें. अशा घरीं डिस्क दोन टेराबाइटांहून मोठी घालावयाची असल्यास गोष्ट वेगळी. नाहीं तर चालू आहे तें चालूं द्यावें. नव्याची हौस म्हणून जोतें उकरण्याच्या आम्ही विरुद्ध आहों.

बदलावयाचें ठरलें, तर क्रम संभाळला पाहिजे. यांतच यशापयश आहे. कोंकण रेल्वेचें उदाहरण आमच्या वाचकांस जवळचें आहे. १९९८ सालीं ही वाट पुरी झाली तेव्हां सर्व गाड्या डिझेलवर धांवत. २०२२ सालीं सबंध मार्गाचें विद्युतीकरण पुरें झालें. बोगद्याबोगद्यांतून तारा आधीं ओढल्या गेल्या, वीज आली, आणि मग विजेचीं इंजिनें जोडलीं. तारेखालून डिझेलचें इंजिन जाऊं शकतें. तारेवांचून विजेचें इंजिन जागचें हालत नाहीं. येथेंही डिस्कचा तक्ता आधीं नव्या धर्तीचा झाला पाहिजे, आणि फर्मवेअरचा खटका मागून फिरला पाहिजे. फरक एवढाच कीं डिस्कचा तक्ता एकदां बदलला म्हणजे जुन्या रीतीनें विंडोज उठत नाहीं, म्हणून दोन्ही कामें एका बैठकींत पुरीं करावयाचीं.

तक्ता बदलण्याचें साधन विंडोज १० मध्येंच आहे. २०१७ च्या वसंतांत आलेल्या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टनें 'एमबीआर-टू-जीपीटी' नांवाची आज्ञावली आंत घातली, जी डिस्कवरील मजकूर न पुसतां तक्ता तेवढा नवा करते. व्यवस्थापकाच्या अधिकारानें कमांड प्रॉम्प्ट उघडून ती चालवितात. तिला दोन तऱ्हांनीं हांक मारतां येते. 'व्हॅलिडेट' म्हटलें तर ती नुसती तपासणी करते, 'कन्व्हर्ट' म्हटलें तर प्रत्यक्ष बदल. चालत्या विंडोजमधून काम करावयाचें असल्यास सोबत 'अलाऊ-फुल-ओएस' ही परवानगी द्यावी लागते. तपासणीनें कांहींही बिघडत नाहीं. ती दहादां करावी.

आणि येथेंच आमच्याकडील दहांपैकीं निम्मीं घरें अडतील असा आमचा अदमास आहे. कारण डिस्कवरील वाटण्या.

आमच्या भागांतील दुकानांत डिस्क मांडतांना तिचे सी, डी, ई, एफ असे तुकडे पाडून देण्याची जुनी चाल आहे. सी मध्यें विंडोज, डी मध्यें वडिलांचे कागद, ई मध्यें छायाचित्रें, एफ मध्यें मुलांचे चित्रपट. एकत्र कुटुंबांत प्रत्येकाला आपापली खोली मिळाली म्हणून मंडळीही संतुष्ट. परंतु वर सांगितलें आहे कीं जुन्या तक्त्यांत नोंदी चारच, आणि विंडोज स्वतःच्या गुप्त कामासाठीं त्यांतील एक-दोन आधींच खाते. मग दुकानदार काय करतो, तर एका नोंदीस 'एक्स्टेंडेड', म्हणजे वाढीव वाटणी करून तिच्या पोटांत डी, ई, एफ या पोटवाटण्या बसवितो. एकाच सातबाऱ्यावर तीन भावांनीं तोंडी पोटहिस्से करून घ्यावे, तसें हें आहे. घरांत चालतें; सरकारी मोजणी आली कीं अडतें. 'एमबीआर-टू-जीपीटी' ही अशी मोजणी आहे. तिला मूळ वाटण्या जास्तींत जास्त तीनच चालतात आणि पोटवाटणी मुळींच चालत नाहीं. तपासणी फसल्याचा इंग्रजी निरोप येतो, आणि पुष्कळ लोक तेथेंच हात टेकतात किंवा यंत्र दुकानांत नेऊन टाकतात.

वस्तुतः उपाय कंटाळवाणा आहे, अवघड नाहीं. डी, ई, एफ मधील सर्व मजकूर बाहेरच्या डिस्कवर काढावा. काढल्यावर प्रत्येक भागांतील चार-दोन फाइली बाहेरच्या डिस्कवरून उघडून पाहाव्या, केवळ नांवें दिसतात यावर विसंबूं नये. मग विंडोजच्या डिस्क-व्यवस्थापनांतून त्या पोटवाटण्या व ती वाढीव वाटणी काढून टाकावी. तेवढी जागा रिकामी राहते. तपासणी पुन्हां करावी. तक्ता बदलल्यानंतर त्या रिकाम्या जागेंत हव्या तितक्या वाटण्या नव्यानें पाडतां येतात. यांत एक बारीक गोष्ट आहे. कित्येकांची हिशेबाची आज्ञावली किंवा तिचा मजकूर डी मध्यें असतो. नव्या वाटणीस पूर्वींचेंच अक्षर दिलें तर ती आज्ञावली आपलीं कागदपत्रें मुकाट्यानें शोधून काढते, नाहीं तर एप्रिलच्या आरंभीं घरांत आरडाओरड होते. ज्यांच्या संगणकांत छायाचित्रांसाठीं दुसरी वेगळी डिस्क आहे, त्यांनीं तिला हात लावण्याचें कारण नाहीं. विंडोज ज्या डिस्कवरून उठते तिचाच तक्ता नवा असावा लागतो.

प्रतीविषयीं थोडें अधिक लिहिणें प्राप्त आहे. २२ जुलै २०२१ रोजीं वाशिष्ठीचें पाणी चिपळुणांत शिरलें तेव्हां तळमजल्यावरचें जें होतें तें सर्व बुडालें, मूळ प्रत आणि नक्कल एकाच कपाटांत ठेवणाऱ्यांचें दोन्ही गेलें. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरासारख्या जुन्या संस्थेची त्या पुरांत मोठी ग्रंथहानि झाली. पूर एकाएकीं येतो. तक्ता बदलण्याचा दिवस आपण स्वतः ठरवितों. मग त्या दिवसाआधीं एक प्रत घरांत व एक पुण्या-मुंबईस असलेल्या धाकट्या भावाकडे किंवा लेकीकडे असूं नये असें कांहीं कारण आहे काय? बाहेरची डिस्क ही जागा भरण्याची वस्तु नसून सोन्याच्या डब्याच्या शेजारीं ठेवण्याची वस्तु आहे, हें आमच्या घरांतील स्त्रियांना पुरुषांपेक्षां लवकर पटतें असा आमचा अनुभव आहे.

वेळेचाही विचार करावा. रत्नागिरींत वर्षास तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि मृग लागल्यापासून विजेचा भरंवसा नसतो. तक्ता बदलण्यास कांहीं मिनिटेंच लागतात, तरी त्या मिनिटांत वीज जाऊं नये. क्वचित् मदरबोर्डच्या फर्मवेअरची नवी आवृत्ति चढवावी लागते. तें चालू असतां वीज गेली तर मदरबोर्डच निकामी होण्याचा संभव असतो. म्हणून यू.पी.एस. असल्याखेरीज हें काम करूं नये, घरच्या इन्व्हर्टरवर भिस्त ठेवूं नये. वीज जाऊन इन्व्हर्टर लागेपर्यंतचा निमिष पंख्यास कळत नाहीं, संगणकास कळतो. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस यास उत्तम. आणि फर्मवेअरची नवी आवृत्ति कारणावांचून चढवूं नये, एवढें सांगून हा विषय सोडतों.

तक्ता बदलला. आतां यंत्र बंद करून पुन्हां सुरू करतांना डिलीट किंवा एफ-टू ही कळ वरचेवर दाबीत राहावें, म्हणजे फर्मवेअरचा पडदा उघडतो. कोणत्या यंत्रास कोणती कळ, हें आरंभीं पडद्याच्या तळाशीं लिहून येतें. तेथें 'सी.एस.एम.' बंद करावा, अथवा 'लिगसी' च्या जागीं 'यू.ई.एफ.आय.' निवडावें, जतन करावें आणि बाहेर पडावें. विंडोज पूर्वींसारखी उठली, तर पुन्हां 'बायोस मोड' ची ओळ वाचून खात्री करावी.

न उठली तर? येथें एक गोष्ट घरांतील प्रत्येकानें पक्की लक्षांत ठेवावी, आणि ती आम्ही जाड अक्षरांत छापली असती तरी चाललें असतें. खटका फिरविल्यानें डिस्कवरचें एक अक्षरही पुसलें जात नाहीं. ज्यानें तक्ता न बदलतां आधींच खटका फिरविला, त्याला काळ्या पडद्यावर 'उठविण्याजोगी डिस्क सांपडत नाहीं' अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसेल. पाहणाऱ्याच्या पोटांत गोळा उठतो. वास्तविक खटका पूर्ववत् केला कीं सर्व जसेंच्या तसें. खरें नुकसान पुढच्या पायरीवर होतें. आमच्या परिचयाच्या एका घरीं हीच ओळ दिसली; घाबरून यंत्र दुकानांत गेलें, तेथें 'डिस्क गेली' असें निदान झालें, आणि संध्याकाळपर्यंत ती पुसून नवी विंडोज घालून परत आली. डिस्क गेली नव्हती, छायाचित्रें मात्र गेलीं. त्यांत घरांतील वारलेल्या आजींचीं शेवटच्या वर्षांतील सर्व चित्रें होतीं, आणि त्यांची दुसरी प्रत कोणाकडेही नव्हती. दुकानदारास दोष देऊन काय करावें? त्याला यंत्र चालू करून द्यावयाचें होतें, आणि तें त्यानें केलें. यंत्र दुसऱ्याच्या हातीं देतांना 'आंतलें कांहींही पुसूं नये' हें कागदावर लिहून त्याची सही घ्यावी, यांत कोणाचा अपमान नाहीं.

दुसरी एक अडचण क्वचित् येते. २०१२ च्या सुमाराच्या किंवा त्याआधींच्या कांहीं ग्राफिक्स कार्डांस नवी रीत समजत नाहीं, सी.एस.एम. बंद केला कीं पडदा काळा तो काळाच राहतो, फर्मवेअरचाही पडदा दिसत नाहीं. अशा वेळीं तें कार्ड काढून मदरबोर्डच्या स्वतःच्या जोडणीस पडदा लावावा. लॅपटॉप असेल आणि त्यावर बिटलॉकर नांवाचें कुलूप चालू असेल, तर काम करण्याआधीं तें तात्पुरतें स्थगित करावें व त्याची अठ्ठेचाळीस अंकी किल्ली कागदावर उतरून ठेवावी. ती किल्ली हरवली तर कोणाचाच इलाज चालत नाहीं.

सर्व सुरळीत झाल्यावर 'सिक्युअर बूट' चालू करावें. याचा अर्थ असा कीं सकाळीं उठविणाऱ्या माणसानें ज्याला हांक मारावयाची, त्याची ओळख पटवून मगच दार उघडावें. विंडोजच्या आधीं घुसून बसणाऱ्या उपद्रवी आज्ञावल्यांस त्यानें अटकाव होतो. ही ओळख ज्या मुद्रांनीं पटवितात, त्या मायक्रोसॉफ्टच्या मुद्रा २०११ सालीं घडविलेल्या असून त्यांची मुदत जून २०२६ पासून संपण्यास आरंभ होणारी म्हणून ठरलेली. नव्या मुद्रा विंडोजच्या दुरुस्त्यांबरोबर येतात; म्हणून दुरुस्त्या घेत राहणें यांतही अगत्याचें आहे.

आतां ज्यांचें यंत्र पात्र होतच नाहीं त्यांनीं काय करावें? मायक्रोसॉफ्टनें घरगुती विंडोज १० ला वाढीव दुरुस्त्यांची मुदत दिली ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. ती कायमची सोय नव्हे. आमच्या मतें अशा यंत्रावर लिनक्स घालणें हाच शहाणपणाचा मार्ग आहे. लिनक्स मिंटसारखी प्रणाली जुन्या व नव्या दोन्ही रीतींनीं उठते, त्यामुळें तेथें तक्त्याचा प्रश्नच येत नाहीं. जुनी रीत सोडावी असे विचार लिनक्सवाल्यांतही निघाले. २०२२ सालीं फेडोरा मंडळींत तसा प्रस्ताव आला असतां जुन्या यंत्रांच्या मालकांनीं इतका विरोध केला कीं तो मागें ठेवावा लागला. लिनक्समध्यें युनिकोड मराठी चांगली टंकतां येते, पत्रें, बँक, छायाचित्रें सर्व चालतें. हयातीचा दाखला तर आतां भ्रमणध्वनीवर चेहरा दाखवूनही देतां येतो. घरांतील वडील मंडळी 'चालतें आहे तर हात कशाला लावा?' म्हणतात. बँकेचा व्यवहार त्या यंत्रावर होत नसेल तर आम्हीही तसेंच म्हणूं. होत असेल तर म्हणणार नाहीं.

राहिली एक गोष्ट, आणि आमच्या वाचकवर्गापैकीं पुष्कळांच्या घरीं ती आहे. कोंकणांतील कितीएक घराण्यांचे कुलवृत्तान्त १९९० नंतर संगणकावर जुळविले गेले, ते श्रीलिपी, आय.एस.एम., कृतिदेव अशा साधनांनीं, युनिकोड रूढ होण्यापूर्वींच्या टंकांत. उठण्याची रीत बदलल्यानें त्या फाइलींस कांहीं होत नाहीं. पण रीत बदलण्याचा हेतु विंडोज ११ हा असतो, आणि विंडोज ११ ही केवळ ६४ बिटांची आहे. ३२ बिटांच्या विंडोजवर चालणाऱ्या फार जुन्या १६ बिटी आज्ञावल्या तिच्यावर मुळींच चालत नाहींत, आणि ज्या आज्ञावल्यांस मागें खोंचण्याची किल्ली लागे, त्यांची किल्ली नवें यंत्र ओळखेलच असें नाहीं. शिवाय ज्यांच्या यंत्रांत ३२ बिटांची विंडोज आहे तिला नव्या रीतीचें ६४ बिटी फर्मवेअर उठवूं शकत नाहीं. तेथें तक्ता बदलण्याच्या भरीस पडूंच नये, सर्व मजकूर काढून नव्यानेंच मांडावें लागतें. म्हणून जुना संगणक जुन्या रीतीनें उठतो आहे तोंवरच कुलवृत्तान्ताच्या फाइली उघडून त्यांचे पी.डी.एफ. करावे, टंकांच्या फाइली शेजारीं ठेवाव्या, आणि जमल्यास मजकूर युनिकोडमध्यें उतरवावा. पणजोबांचे मोडींतले कागद माळ्यावर आहेत आणि घरांत वाचणारा कोणी नाहीं, ही स्थिति आम्ही एकदां भोगीत आहोंच. तीच गोष्ट पंचवीस वर्षांपूर्वींच्या बालबोध मजकुराची होऊं देणें विचित्र दिसेल.

शेवटीं एका क्षुल्लक वस्तूची आठवण देऊन थांबतों. मदरबोर्डवर नाण्याएवढी एक बॅटरी असते, सी.आर. २०३२ या नांवानें ती घड्याळाच्या दुकानांतही मिळते. यंत्र बंद असतां फर्मवेअरचें घड्याळ, आणि पुष्कळ जुन्या मदरबोर्डांत आपण फिरविलेले खटकेही, तिच्यावर टिकून असतात. सुट्टीपुरतीं उघडणाऱ्या गांवच्या घरांत गणपति ते शिमगा संगणकास वीज लागत नाहीं, दमट हवेंत बॅटरी खलास होते, आणि खटका आपोआप जुन्या रीतीवर परत जातो. तक्ता नवा आणि खटका जुना, म्हणजे पुन्हां तीच काळी ओळ. घड्याळ वरचेवर मागचें वर्ष दाखवूं लागलें कीं ती बॅटरी बदलावी, फर्मवेअरच्या पडद्यावर जाऊन खटका नव्या रीतीवर ठेवावा, आणि कोणता खटका कोठें ठेविला होता त्याची चिठ्ठी पेटीच्या आंतल्या बाजूस चिकटवून ठेवावी.